एका हातात धरता येणारं

बुधवार, संध्याकाळ. भालकी.

छोटं घ्यावं की मोठं, महिनाभर मनात हेच चाललंय. पुस्तकं वाचायला ई-इंकचा, कागदावरच्यासारखी अक्षरं दिसणारा टॅब घ्यायचाय. खिशात मावणारा घेतला तर कोळारच्या कारखान्यात रोज कामाला जाता-येता बसमध्ये वाचता येईल. मोठ्यावर अक्षरं ऐसपैस दिसतात. सोबत काम करणाऱ्या सविताअक्कानं आज तिचा छोटा टॅब एका दिवसासाठी दिला.

घरी येऊन अप्पांना दाखवला. अर्धांगवायूनंतर त्यांना डावा हात उचलवत नाही. जाड पुस्तक धरवत नाही, म्हणून वर्षभर वाचणंच सुटलंय. त्यांनी तो उजव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं पान उलटलं. मग आणखी एक. मी अक्षरं मोठी करून दिली, तर एका ओळीत चारच शब्द बसले.

"लईच कमी मावायलेत, अप्पा."

"चार पुरे झाले. मला कुठं घाई हाय?"

लहानपणी ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. तो आवाज ऐकून किती दिवस झाले. आज नुसते ओठ हलत होते. मोठ्यानं वाचा म्हणावं वाटलं, पण धीर झाला नाही. दम लागला असता तर?

अर्ध्या तासानं टॅब माझ्यापुढं केला. "तुलाच घे. बसमध्ये वाचायला होतंय. मला कामून?" म्हणाले खरं, पण अंगठा पानावरच होता.

मी छोटाच मागवला. तो घरीच ठेवणार. दुपारी घरात कुणी नसताना मोठ्यानंही वाचतील कदाचित. मी तेव्हा कोळारला असेन.