औषधाची सूट

कोल्हापूर, १९ ऑगस्ट १९९७

ती. अक्काताईस,

भूपालचा जयजिनेंद्र. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव. पैंजणाच्या भट्टीपुढं उकिडवं बसू नका म्हणावं (ऐकणार नाहीत, तरी सांग की). इकडं आम्ही मजेत, म्हणजे त्रिशला आणि पोरं मजेत. माझी अक्कलदाढ गेल्या गुरुवारी काढली.

दाढ आडवी उगवली होती. डॉक्टरनं हिरडी कापून, तिचे दोन तुकडे करून काढली आणि चार टाके घातले (मला काही कळलं नाही, घाम त्यालाच फुटला होता). मग सांगितलं, दुखायची गोळी सकाळ, दुपार, रात्र, जेवण झाल्यावर. रात्र म्हटल्यावर मी चपापलो. चातुर्मासात दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा नियम मी तुमच्या हुपरीतच महाराजांपुढं घेतलाय. त्यांनी विचारलंही होतं, औषधाची सूट ठेवायची का? सगळेच ठेवतात. दाजींनी तर वर प्रवासाचीही ठेवली. पण तू पहिल्या रांगेत बसून शेजारणीला म्हणालीस, "आमचा भूपाल आठ दिस टिकला तरी लई झालं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सूट नको.

तेव्हा मी माझाच हिशेब बसवला. नऊ, एक आणि साडेपाच, मऊ भातावर एकेक गोळी. दिवस झकास जायचा, पण गोळीचा जोर उतरला की गाल धरून येरझाऱ्या. डॉक्टर म्हणाला, गोळ्यांत सारखं अंतर पाहिजे, दाढ काही तुमचा नियम पाळत नाही. देवळात उपाध्यांकडं गेलो, एखादी वाट निघते का बघायला. त्यांनी एवढंच विचारलं, नियम घेताना सूट ठेवली होती का? शेवटी त्रिशलाशी वाद घातला, की चार दिवस पावसात सूर्यच दिसला नाही, मग तो मावळला कशावरून? तिनं कॅलेंडर पुढं केलं. सहा वाजून चोपन्न मिनिटं.

पण अक्काताई, महिना झाला, मी टिकलोय. भेटेल त्याला सांग.

तुझा भाऊ,
भूपाल

ता.क. भेटेल त्याला सांगू नको. परवा साडेसातला लाईट गेली होती आणि ठणका असा, की डोळ्यांत पाणी आलं. चाचपडत फळीवरची गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. फार लाज वाटते गं. महाराजांना प्रायश्चित्त विचारून कळव. माझं नाव घेऊ नको, एक भाऊ आहे म्हण. (तुला मी एकटाच भाऊ, हे आत्ता ध्यानात आलं. चुलतभाऊ म्हण.)

आणखी एक. गोळी मात्र एक नंबर. अर्ध्या तासात ठणका थांबला, सकाळपर्यंत घोरत पडलो.

वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून दोन ओळी. अंधारात यांनी गिळली ती माझी कॅल्शियमची गोळी. दुखायच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेवढ्याच्या तेवढ्या होत्या, मी बघितल्या. सांगितलं तर ठणका परत सुरू होईल, म्हणून बोलले नाही. प्रायश्चित्त मात्र लवकर विचारून कळवा. परवापासून दिवसाउजेडीही नीट जेवत नाहीत.
त्रिशला