आत्याच्या पेट्या आणि चौथा गाभा

ती. सिंधूआत्यास,

नंदिनीचा सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझा गुडघा काय म्हणतो आणि आंबिया बहाराची फळगळ थांबली का, ते कळव. (गुडघ्याचं खरं सांग. "बराय वं" हे उत्तर मी धरत नाही.)

पत्राला कारण तुझा कॉम्प्युटर. शेडमध्ये संत्र्याच्या पेट्यांच्या चिठ्ठ्या छापणारी ती सिस्टीम मी आणि माझ्या वर्गमित्रानं, विहंगनं, कॉलेजात असताना लिहिली, आणि साऱ्या जगात ती वापरणारी तू एकटी आहेस. प्रीतमनं लॅपटॉप देऊ केला तेव्हा, "पोरीनं एवढं केलं, तेच चालू दे," म्हणून तू पोटच्या पोराला परत पाठवलंस. ते ऐकून मी आठवडाभर हवेत होते. पण तो डबा आता म्हातारा झाला, आणि आमची सिस्टीम नव्या मशीनवर बसत नाही, कारण तिचा गाभा जुना. गाभा (मायक्रोकर्नेल म्हणतात त्याला) म्हणजे लग्नाच्या पंगतीत मधोमध उभा असलेला मामा. स्वतः काही वाढत नाही, फक्त इकडचा निरोप तिकडे देतो, वरण इकडे, भात तिकडे. वाढणारे तेच ठेवायचे आणि मामा तेवढा बदलायचा, एवढंच काम. विहंग म्हणाला, पंधरा दिवस. त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या.

पहिला आयता आणलेला गाभा भारी चपळ निघाला, पण स्वभावानं भोळा. सांगणारा कोण, हे विचारायचाच नाही. आमच्या घड्याळाच्या प्रोग्रॅमनं चुकून डिस्क पुसायला सांगितली, यानं विनातक्रार पुसली. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून दुसरा पारखून आणला, तर तो असा संशयी की परवानगीशिवाय पाणी पिऊ देईना. छापणाऱ्याला डिस्कची परवानगी लागे, डिस्कला छापणाऱ्याची. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले आणि आम्ही त्या दोघांच्या. (हे सगळं नागपुरात धरमपेठेत, विहंगच्या गच्चीवरच्या खोलीत, भर मे महिन्यात. मशीन तापून अडकलं असेल, असं समजून विहंगनं कूलरचा ओला झोत त्याच्याकडे वळवला. मग मशीन खरंच बंद पडलं.) तिसरा सगळ्यात गुणी. सिस्टीम अर्धीअधिक त्याच्यावर आणली, आणि तो लिहिणाऱ्यानंच जाहीर केलं की मला याहून चांगला सुचला आहे, हा आता सोडा. विहंगला राग यायला हवा होता. तो म्हणाला, "बरोबर बोलून राहिला तो. आपणही दुसराच पाहू."

खरं सांगू, त्या दिवशी मी रडले. बहाराची तोडणी तोंडावर आलेली आणि तुझं मशीन कधी मान टाकेल याचा नेम नाही, ही धास्ती. म्हणून आता चौथा गाभा धरला आहे. फोनवर तू म्हणतेस, "चालून राहिलं नं वं, तू काहून फिकर करून राहिली?" तेवढाच धीर. दिवाळीपर्यंत त्या डब्याला सांभाळ आणि प्रीतमला हात लावू देऊ नकोस.

तुझी,
नंदिनी

ता. क. पत्र पाकिटात घालताना प्रीतमचा फोन आला. डबा होळीच्या सुमारास, मृग बहाराच्या तोडणीतच गेला म्हणे. तेव्हापासून कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या एकेका पेटीची चिठ्ठी तू हातानं लिहितेस, बोटं दुखतात तरी, आणि "नंदिनीले सांगशील तर याद राख" अशी त्याला तंबी दिली आहेस. आत्या, मी दर रविवारी विचारत होते, आणि तू दर रविवारी चालून राहिलं म्हणत होतीस. आता काय बोलू तुला? वर दिवाळीचं जे लिहिलं ते खोडलं असं समज. प्रीतमचा लॅपटॉप घे. पत्राचं कारण आता हेच.

आणखी एक. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. चौथ्या गाभ्यानं काल छापली आणि छापून जो गप्प बसला तो अजून बोललेला नाही. पण "सिंधूताई, काटोल, मोठा माल" एवढं स्वच्छ उमटलं आहे. बहाराच्या पहिल्या पेटीला ती लाव. बाकीच्यांना लॅपटॉपवरच्या लाव, मी रुसणार नाही. फक्त कोणी विचारलं तर सांग, नंदिनीची सिस्टीम चालून राहिली.