दिवेलागणीला काढलेला फ्यूज

प्रिय मंदार,

आपल्या वाडीत पूर्वी रहाट होता. त्याच्या कुरकुरीने मी लहानपणी जागा व्हायचो. तू जन्मलास तेव्हा तिथे पंप आला होता. आज तुझी तबकडी लावली, आणि पहिल्याच गिटारीत तीच कुरकुर! म्हणून लिहायला बसलो.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर तबकडी कपाटातच होती. धीर झाला नाही रे.

काय वाजवायचात तुम्ही! पत्र्यावर नारळ ओतावेत तसे ड्रम. त्यावर तुझी किंकाळी, घसा सोलून काढणारी. मग एकदम सगळं थांबतं, एकच तार उरते आणि तू कुजबुजतोस. शाळेत गुरुजी कवितेतला यती पट्टी आपटून शिकवायचे. तुझ्या गाण्यातही यती आहे, हे मला आज कळलं. बोटांवर मात्रा मोजल्या. सात. ओरडतानाही तू एक चुकत नाहीस!

तिसऱ्या गाण्यात मात्र मी आहे.

तुम्ही चौघं सुपारीच्या खोलीत रेकॉर्डिंग करत होता. देवापाशी दिवा लावायची वेळ. त्या वेळी आपल्याकडे कोणी मोठ्याने रडतसुद्धा नाही, आणि तू किंचाळत होतास. मी फ्यूज उपटला. गिटारी मेल्या, तुझा लॅपटॉप बॅटरीवर रेकॉर्ड करतच राहिला. दारात उभा राहून मी म्हणालो, "दिवेलागणीला काय हे? कोणी मेलंय का घरात?"

तू एवढंच म्हणालास, "अण्णा, दोन मिनिटं थांबला असतात तर..."

सहा महिन्यांत तापाचं निमित्त झालं आणि तू गेलास.

माझं ते वाक्य तू काढून का टाकलं नाहीस? मला लाजवायला? की बापही गाण्यात असावा असं वाटलं तुला? निदान सांगायचंस तरी! त्या वाक्यापुढे काय आहे, मला ठाऊक नाही. आज तीनदा तिथवर पोचलो आणि तीनदा सुई उचलली.

आत्ता दार वाजलं. वाटलं, कोणी आवाजाची तक्रार घेऊन आलं. तर शेजारच्या सुंदराबाई, काठी टेकत. कुंपणाच्या भांडणापासून दोन वर्षं आमचं बोलणं नाही.

"मंदारच ओरडतोय ना? पयल्यापासून लाव," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

आता त्यांच्यासमोर माझं ते वाक्य वाजणार. वाजू दे. या वेळी सुईला हात लावणार नाही, शब्द देतो.

तुझा,
अण्णा