उकळत्या सुयांचा आवाज

हुलसूर
१४ डिसेंबर २०२३

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

सकाळपासून कानात तोच आवाज आहे. चुलीवरच्या डब्यात तुझ्या इंजेक्शनच्या सुया उकळायच्या, खुळखुळ, खुळखुळ. त्या तालावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो, आणि कडवं चुकलं की तू चिमटा उगारायचीस.

इकडे ठीक. तुरीला शेंगा धरल्यात. गुडघ्याचं विचारू नकोस.

तुझ्या लेकीनं, प्रेरणानं, मला हैदराबादेच्या एका संग्रहालयात दोनदा नेलं. युद्धातल्या नर्सबाईंचं सामान मांडलंय. पहिल्या खेपेला ती कादंबरीसाठी टोप्या, बिल्ले टिपत फिरली. मी सुयांच्या डब्यापुढंच उभा. दुसऱ्या खेपेला हट्ट माझा. डब्याशेजारी एक खाकी लिफाफा होता. एकाहत्तर सालचा, युद्धावर हजर होण्याचं बोलावणं.

“मामा, कामून रडायलाव?”

“धूळ गेली डोळ्यात.”

“काचेतून?”

काल तिच्या कादंबरीचा कच्चा खर्डा वाचून संपवला. तुलाही एक प्रत दिलीय म्हणे. सोमवारी छापायला जायलीय म्हणे. त्यातला बाप मुलीचं बोलावणं चुलीत घालतो. “आईच्या बाबतीत असंच झालं व्हतं की,” म्हणाली.

अक्का, अप्पांनी चुलीत काही घातलं नव्हतं.

तेव्हा गावचं टपाल शाळेत यायचं. ज्या गल्लीचं पत्र, त्या गल्लीतल्या पोराच्या हाती मास्तर द्यायचे. तू लष्करात नर्स म्हणून नाव दिलं होतंस. लष्कराच्या शिक्क्याचा तुझा लिफाफा माझ्या हाती आला. मी तेरा वर्षांचा. तू गेलीस तर माझ्या कविता कोण ऐकणार, एवढंच सुचलं. कवितांच्या पुस्तकात दडवला. युद्ध संपलं की देऊ म्हटलं. ते तेरा दिवसांत संपलं. बोलावणं पाठवलं होतं हे तुला मागून कळलं, आणि नको जाऊ म्हणणारे अप्पाच होते, म्हणून तुझा राग त्यांच्यावर गेला. लग्न होऊन चिंताकीला गेल्यावर तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. त्यांच्या मयतीलाही अंगणातच उभी राहिलीस. “सुभद्रा कामून येईना रे?” ते विचारायचे. मी कविता पुटपुटत बसायचो.

लिफाफा अजून आहे, न फोडलेला. सोबत पाठवतोय. प्रेरणाला ते पान बदलायला लाव. बापाच्या जागी भाऊ लिही म्हणावं.

थांब. शेजारची यल्लम्मा ओरडायलीय, “अण्णा, चिंताकीची अक्का आलीय बघा, रिक्षातून उतरायलीय!”

खिडकीतून दिसतेस. काखेत कादंबरीची तुझी प्रत. अंगण ओलांडलंस. उंबऱ्याशी थांबलीस.

हे आता पोस्टात टाकत नाही, तुझ्याच हाती देतो. आत यायचं की न्हाई, ते वाचून ठरव.

एक टपाल पोचवायला बावन्न वर्षं लावणारा तुझा भाऊ,
रत्नपाल