पहिला मोदक कुठला

जयपूर, सप्टेंबर २००६

प्रिय रागीट बाबा,

लखनौला बदलीच्या गावी एकटा नीट जेवतोयस ना? फोन मुद्दाम करत नाहीये. फोनवर तू ओरडतोस, मग मी रडते आणि मुद्दा राहून जातो.

यंदा गणपतीत तू नव्हतास, मतलब फार मोठी मजा हुकली तुझी! मागे मंडळ एकच होतं तेव्हा नैवेद्याला आपले तळलेले मोदक आधी की मीनाक्षीकाकूंचे उकडीचे, यावरून तुमचं वाजलं आणि तू भरलं ताट उचलून मुरलीपुऱ्यात वेगळा गणपती बसवलास. त्यांचा गेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्यात. पण देवाची गंमत बघ, आपल्या मंडळात सगळ्या मुली, त्यांच्यात सगळे मुलगे! नाटक बसणार कसं? शेवटी झालान्यातल्या एका हॉलमध्ये एकत्रच केलं.

नाटक म्हणजे एक जुनी शोकांतिका. दोन वैरी घराणी आणि त्यांची प्रेमात पडलेली मुलं. मी नायिका, नायक मीनाक्षीकाकूंचा निहार. ती नायिका बिचारी घरी काही बोलत नाही, चोरून लग्न करते आणि शेवटी विष पिते. तालमीत मी रोज चिडायचे. भांडण थोरल्यांचं, मग मरायचं हिनं का?

प्रयोगात विषाचा पेला ओठांना लावला, तर पहिल्या रांगेतून आई ताडकन उठून ओरडली, पिऊ नकोस म्हणून! अख्खा हॉल हसला. रडत होत्या फक्त दोघी, आई आणि पार तिकडच्या टोकाला काकू. पडदा पडल्यावर दोघी आपापला डबा घेऊन विंगेत हजर. एकाच ताटलीत दोन्ही मोदक आले. आईनं उकडीचा खाल्ला बाबा, वर तूप मागून घेतलं!

आता खरं सांगते. तालमी संपल्या तरी मी आणि निहार भेटतोच आहोत. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. दोघी आया राजी आहेत, पण तुला सांगायची एकीचीही छाती होत नाही. त्या नाटकातल्या मुलीनं बापाला आधीच सांगितलं असतं तर ती वाचली असती, असं मला सारखं वाटतं. म्हणून मी सांगतेय. तुझ्याशिवाय मांडवात उभी राहणार नाही आणि निहारलाही सोडणार नाही. दिवाळीला ये. साखरपुड्याच्या पंगतीत निहारच्या पानात पहिला मोदक तू वाढायचास. कुठला, ते मी विचारणार नाही.

तुझीच, तुझ्याइतकीच हट्टी
कौमुदी