पाचही भोकं

३ जुलै ६७
विमानाच्या पंखावरच्या दाबाचे आकडे आजपासून पलीकडच्या इमारतीतल्या नव्या मशीनवर करायचे. मशीन बनवणारी कंपनी वेगळी, पण कागदाची फीत तीच, पाच भोकांची. साहेब खुशीत. पहिल्या ओळी छान आल्या. मग आकड्यांच्या जागी नुसती अक्षरं, पानभर. साहेबांनी लगेच फीत टाइप करणाऱ्या कमलाक्काचं नाव घेतलं. "केअरलेस." तिला नोकरीत कायम करायच्या कागदावर त्यांची सही बाकी आहे. डोकंच फिरलं माझं.

४ जुलै
साहेब म्हणतात, सगळ्या फिती पुन्हा टाइप करा, दुसऱ्या कुणाकडून. आठवडाभर थांबा, मी म्हटलं. कमलाक्काने डबा उघडला नाही. "शांता, चुकलं तर मी तिथल्या तिथे नीट करते ग. तसंच सोडत नाही." बंगळूरबाहेर, येलहंक्याहून रोज गाडीने येते, घरात कमावणारी तीच. मी काही गप्प बसणार नाही.

६ जुलै
सापडलं! फीत खिडकीशी धरून पाहिली. अक्षरं सुरू होतात तिथे दरवेळी पाचही भोकं. आमची पद्धत ही: चुकलं की एक घर मागे यायचं, त्यावर पाचही भोकं पाडायची, पुढे बरोबर टाइप करायचं. आमचं मशीन ती जागा सोडून देतं. नव्या मशीनला ती खूण वाटते, इथून पुढच्या भोकांची अक्षरं वाचायची, आकडे नाही. म्हणजे बाईने जिथे चूक सुधारली, नेमकं तिथेच बिघडलं. राग आला, हसूही.

८ जुलै
प्रोग्रॅम लिहिला. आमचं मशीन जुनी फीत वाचतं, पाचही भोकं असतील ती जागा गाळतं, नवी फीत पाडतं. दोनदा अडकली. मग कमलाक्का स्वतः फीत धरून उभी राहिली.

१० जुलै
नव्या मशीनवर सगळे आकडे आले, एकही अक्षर नाही! साहेब म्हणाले, "सरी, ठीक आहे, चूक तिची नव्हती." मग खुर्चीत रेलून, "पण नक्कल मशीनच करतं, तर टायपिस्ट एवढ्या कशाला?"
माझाच प्रोग्रॅम तिच्यावर उलटला. बाहेर कमलाक्का उभी. "सुटलीस," म्हटलं. साहेबांचं पुढचं वाक्य माझ्यापाशी ठेवलं आणि तिला डबा उघडायला लावला.

११ जुलै
दर आठवड्याला नवे आकडे येणार, ते काय मशीन टाइप करणार? काल सुचायला हवं होतं. कमलाक्काला सगळं सांगितलं. आता साहेबांकडे जाते, सही झाल्याशिवाय उठायचं नाही.
"स्वल्प सावकाश बोल ग," ती म्हणाली.
ते जमेलसं वाटत नाही.