शिपायाचा डावा हात

तंजावूर,
नवरात्राची अष्टमी, १९५८

चि. शेषगिरी यास कनकलताचे आशीर्वाद.

माळ्यावरच्या पेटीतला शिपाई न्यायला ओरत्तनाडुहून तुळजाराम म्हणून एकजण येईल, त्याला दे, असं तू लिहिलं होतंस. तो काल आला. त्याने शिपाई कोणत्या अवस्थेत पाहिला हे त्याच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझा खोकला थांबला असेल असं धरते. ओवा चावतोस की नुसता खिशात बाळगतोस? मी कुशल आहे. लाजेने माणूस आजारी पडत नाही, हे कालपासून अनुभवाने सांगू शकते.

पेटी उघडली तर शिपाई तुझ्या ब्रह्मदेशातल्या मोज्यांत गुंडाळलेला. चार बोटं उंचीचा, लाकडाचा, कोरीवकाम चांगलं. (दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांकडे वळले होते. तो तुझ्या चाकूचा दोष समजून मी सोडून दिला.) पण डावा हात खांद्यापासून नव्हता. मी पेटी उपडी केली, मोजे झटकून पाहिले आणि मग जाळले. हात मिळाला नाही. मोडकी वस्तू पाहुण्याच्या हातावर ठेवणं आपल्या घराला शोभत नाही, म्हणून ती दुरुस्त करायचं ठरवलं. तुला आधी पत्राने विचारता आलं असतं. पण तीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईची विचारण्याची सवय मोडलेली असते.

मागच्या गल्लीतले सांबशिव देवांच्या सोनेरी तसबिरी करतात. दागिने उठावदार दिसावेत म्हणून ते खडूची पूड डिंकात कालवून लावतात. त्यांच्याकडून वाटीभर लगदा आणला. ते म्हणाले, "अक्का, हा फळीवर बसतो. अंगावर नाही बसायचा." मी म्हटलं, लगद्याला काय कळतं, फळी कुठली नि अंग कुठलं. (त्याला कळतं.)

मी फक्त हात करणार होते, हे तू लक्षात ठेव. पण हात झाल्यावर तो रिकामा दिसू लागला. मग पुष्कळ वर्षांपूर्वी मुलींना सहलीला नेलं होतं तेव्हा पाहिलेलं एक युद्धस्मारक आठवलं. त्यावरचा दगडी शिपाई मान खाली घालून उभा होता. बंदुकीची नळी जमिनीला टेकलेली, दस्त्यावर दोन्ही तळवे. तशी बंदूक केली. आता उजवा हातही दस्त्यावर यायला हवा, आणि तू तो सरळ खाली सोडलेला, म्हणून अंगावर लांब कोट चढवून नवा उजवा हात कोटातून काढला. लाकडाची मान वाकेना, म्हणून टोपी नाकापर्यंत ओढली. तो शोक करतो आहे की डुलकी घेतो आहे, हे सांगणं कठीण झालं होतं, तेव्हा खाली चौथरा करून त्यावर खुलासा लिहिला: "रणात देह ठेवलेल्या अनाम वीरास सादर वंदन." अक्षर चांगलं आलं.

इथवर थांबले असते तरी निभावलं असतं. पण नवरात्रात बाहुल्यांच्या कोलूच्या पायऱ्यांवर दरवर्षी एक तरी नवी बाहुली मांडावी लागते, आणि यंदा मी आणली नव्हती. तिसऱ्या पायरीवर, वाणी आणि वाणीण या बाहुल्यांच्या शेजारी, वीर उभा केला. शेजारच्या हिराबाईने त्याला शेवंतीची माळ घातली. समोरच्या वेंकूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी हरभऱ्याचं सुंडल वाटण्याआधी बायकांना स्वार्थत्यागावर पाच मिनिटं सांगितलं. (हिराबाई वीस म्हणते.)

काल दुपारी तुळजाराम आला तेव्हा ह्या दोघी बसलेल्याच होत्या. त्याने पिशवी उजव्या हाताने खाली ठेवली. सदऱ्याची डावी बाही दुमडून खांद्याशी टाचणीने लावलेली होती. मी बाहीकडे पाहिलं, मग तिसऱ्या पायरीकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. दोन्ही अंगठे एकमेकांकडे वळलेले. शेषगिरी, इतक्या वर्षांत मी फळ्यावर असं गणित मांडलं नाही ज्याचं उत्तर इतक्या झटकन यावं आणि इतकं नको असावं.

मी काही बोलण्याआधी हिराबाईने सुरुवात केली. "पाहिलंत का, आमच्या अक्कांनी केला. बिचारा ब्रह्मदेशात गेला."

"असं? कधी गेला?" तुळजारामाने विचारलं.

"चव्वेचाळीस साली," हिराबाई म्हणाली. (मीच तिला सांगितलं होतं. तू तिथे होतास म्हणून साल तेवढं ठाऊक होतं.)

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. जवळ जाऊन वाकून त्याने शिपायाचे पाय निरखले. "अक्का, खाली काय लिहिलंय? मला तमिळच वाचता येतं."

मी म्हटलं, "शिपाई, असं लिहिलंय."

"येवढं लांब?"

खोटं बोलणाऱ्या मुलींना मी व्हरांड्यात उभं करीत असे. काल मीच उभी राहिले आणि चौथऱ्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वेंकूबाईंनी माळ काढावी की राहू द्यावी हे न कळून ती अर्धी काढली. मी क्षमा मागितली. (मागता येत नाही मला. "झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो" असं काहीसं शाळेच्या सूचनेसारखं बोलले.) तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

शिपाई परातीत कोमट पाण्यात ठेवला. कोट विरघळला, टोपी गेली, चौथरा गेला. डावा हात मात्र बंदुकीसकट अख्खा निघाला. तुळजारामाने तो तळव्यावर घेतला. "बंदूक कशाला दिली अक्का? माझं वेष्टी नेसताना अडतं, लढताना नाही," म्हणाला. सुंडल दोनदा मागून घेतलं आणि पाचच्या बसने गेला.

तुझी,
कनकलता अक्का

ता.क. जाताना मी शिपाई पुसून, कागदात बांधून पुढे केला. त्याने घेतला नाही. "माझा हात गेला तेव्हा गाडी शेषगिरी चालवत होता, हे त्याने घरी सांगितलं नाही वाटतं," एवढंच म्हणाला. नाही सांगितलंस. इस्पितळात त्याच्या खाटेशी बसून तू हा कोरलास, त्याला न देता निघून आलास, आणि तेव्हापासून पत्रं लिहितोस पण जात नाहीस, हे त्याच्याकडून कळलं. एरवी मी तुला पानभर सुनावलं असतं. ह्या आठवड्यात मी कोणाला सुनावण्याच्या योग्यतेची नाही.

आणखी ता.क. शिपाई माझ्यापाशी आहे. मी पोस्टाने पाठवणार नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही आणि स्वतः नेणार नाही. दिवाळीला ये, आणि तू ओरत्तनाडुला घेऊन जा. बस राजवाड्याच्या कोपऱ्यावरूनच सुटते. हवं तर मी सोबत येईन, आणि रस्ताभर एक शब्द बोलणार नाही.

दिल्याची नोंद, जशी काल लिहून त्याची सही घेतली तशी उतरवते:

श्री. तुळजाराम, ओरत्तनाडु, यांस दिले: डावा हात, खडूचा, एक, बंदुकीसह. शिपाई दिला नाही.
शेरा, त्यांनी सांगितल्याप्रमाणे: "हात माझ्याकडे नाही, म्हणून तो नेतो. बाकीचा मी घरीच आहे, शेषगिरीला सांगा."
सही, तमिळमध्ये: तुळजाराम.